टेकडीवरची रेंज

एका जंगलात एक कासवीण होती आणि ती सुईण होती. सगळे तिला मावशी म्हणायचे.

हसू नका, मुलांनो. जंगलात नेमणुका अशाच होतात. शिवाय तिच्या हाताला गुण होता. पोटात आडवं आलेलं पोर ती असं अलगद वळवायची की आईला पत्ताही लागायचा नाही. अडचण एकच होती. तिला आधी पोचावं लागायचं. बहुतेक वेळा मावशी पोचायची तेव्हा बाळच तिला घ्यायला वाटेवर यायचं.

बहुतेक वेळा. गेल्या वर्षी ती भेकरीच्या झुडपात पोचली तेव्हा घ्यायला कुणी आलं नाही. भेकरी म्हणजे ते छोटंसं, कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. ती मावशीला एका शब्दाने बोलली नाही. "बसा मावशी, दमला असाल," एवढंच म्हणाली.

मावशी बसली नाही. ती तशीच उलट फिरली आणि चालत सभेला गेली. पोचली तेव्हा ती सभा संपून पुढची भरली होती.

"मला गाडी हवी," ती म्हणाली. "भेकरीला पुन्हा दिवस गेलेत."

जंगलाला दया आली. बगळ्याला बोलावलं. बगळा गाड्या विकायचा. एका पायावर उभा राहून, डोळे मिटून तो अशी माहिती सांगायचा की समोरच्याला वाटावं हा तपश्चर्याच करतोय.

"ही घ्या," बगळा म्हणाला. "विजेवर चालते. छोटी आहे, पण एसयूव्ही आहे."

"म्हणजे काय?" गवा अण्णांनी विचारलं. गवा अण्णा सभेचे अध्यक्ष होते, कारण त्यांना उठवणं कुणाला जमलं नव्हतं.

"म्हणजे छोटीच आहे, पण आत बसलं की तसं वाटत नाही."

गाडी खरोखर गुणी होती. ओढ्यातून जायची, दगडावरून जायची, झाडांच्या मधून वळायची. किंमत सगळ्यांना परवडणारी होती. इतकी परवडणारी की सिंहाला ती स्वतःसाठी घ्यायची लाज वाटली. पाणमांजरांनी धबधब्याखाली चाक बसवून वीज केली आणि वायर वडापर्यंत आणली. वडाखाली गाडी लावायची, वायर जोडायची, संपलं. मावशी एका दुपारी चालवायला शिकली. पहिल्यांदा गाडी पळाली तेव्हा तिने घाबरून मान कवचात घेतली. मग हळूच बाहेर काढली. दीडशे वर्षांत तिला वारा असा समोरून कधी लागला नव्हता.

तक्रारी आल्याच. जंगल आहे ते.

"आवाज करत नाही," गवा अण्णा म्हणाले. "गाडी आली हे कळायला नको? काही इभ्रत?"

म्हणून रानडुकराला नेमलं. मावशी गाडी चालवायची आणि डुक्कर मागच्या सीटवर बसून "घर्रर्र, घर्रर्र" करायचं. गिअर बदलल्यासारखं मध्येच थांबायचंसुद्धा. गाडीला गिअर नव्हते, पण ते डुकराला सांगणार कोण?

असे बरे दिवस चालले होते. एका पंधरवड्यात तीन सशिणी, दोन माकडिणी आणि एक अडलेली नीलगाय सुटली. मग एके सकाळी गवा अण्णा गाडीत डोकावले.

"बगळ्या! परवा इथे तीनशे लिहिलं होतं. आज दोनशे साठ आहे!"

"ती रेंज आहे अण्णा. गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा. गाडी चालली की कमी होते. वायर लावली की भरते."

"आणि मी काशीला निघालो तर?"

लगेच सभा भरली. गवा अण्णा जन्मात आपल्या जंगलापलीकडे गेले नव्हते. मावशीची सगळ्यात लांबची बाळंतीण चार कोसांवर होती. पण काशीचा प्रश्न एकदा निघाला की तो मिटवल्याशिवाय पुढे कसं जाणार?

"अरे गव्या, तू काशीला कशाला जाशील?" मावशी म्हणाली. "आणि या गाडीत तुझं शिंग तरी मावेल का?"

"प्रश्न माझा नाही मावशी. प्रश्न तत्त्वाचा आहे."

मग इंजिनियरसाहेब उठले. इंजिनियरसाहेब म्हणजे एक वानर. तो शहरातल्या एका देवळाच्या कळसावर तीन वर्षं राहून आला होता. जंगलात तेवढं शिक्षण पुरे होतं.

"रेंजचा विषय माझा आहे," तो म्हणाला. "देवळात माणसं यायची. हातात एक चपटी डबी. 'रेंज नाही, रेंज नाही' म्हणून रडकुंडीला यायची. मग काय करायची? जिना चढून गच्चीवर जायची. डबी अशी उंच धरायची. आणि ओरडायची, 'आली! आली!' मी डोळ्यांनी पाहिलंय."

"म्हणजे?" गवा अण्णा.

"म्हणजे रेंज वर असते. आपण गाडी खड्ड्यात ठेवलीय."

बगळ्याने एक डोळा उघडला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं. पण गाडी विकून झाली होती. त्याने डोळा मिटला.

"अरे, ती रेंज वेगळी!" मावशी म्हणाली. "ही वेगळी!"

"मावशी, तुम्ही बाळंतपणं बघा," इंजिनियरसाहेब मायेने म्हणाले. "टेक्निकल आमच्यावर सोडा."

ठराव झाला. गाडी टेकडीच्या माथ्यावर न्यायची. चालवत नेली तर रेंज खर्च होईल, म्हणून ढकलत न्यायची. चार हत्ती, सहा गवे आणि घोषणा द्यायला सगळी माकडं. माथ्यावर गाडी पोचली. चाकाखाली दगड लावला. डुकराला पहाऱ्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी सगळे बघायला गेले. दोनशे साठ. तिसऱ्या दिवशी, दोनशे साठ.

"बघा!" इंजिनियरसाहेब म्हणाले. "एक आकडासुद्धा पडला नाही."

टाळ्या वाजल्या. उभ्या गाडीची रेंज कमी होत नाही, हा शोध त्या जंगलाने लावला.

मावशीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने दिवस मोजले. भेकरीला सहा दिवस उरले होते. झुडूप टेकडीच्या पलीकडच्या पायथ्याशी होतं. चालत गेलं तर आठ दिवस. माथ्यापर्यंत पाच. ती निघाली.

दुसऱ्या दिवशी वाटेत गवा अण्णा भेटले.

"कुठे मावशी?"

"गाडीपाशी."

"मग चालत कशाला? एवढी गाडी घेऊन दिलीय तुम्हाला!"

मावशी चालत राहिली. चढावर तिला दम पुरवायचा होता.

पण मध्येच एक उभा कडा लागला. त्याला वळसा घालण्यात एक दिवस गेला. सहाव्या दिवशी ती माथ्यावर पोचली तेव्हा खालून भेकरीचं भुंकणं ऐकू आलं. एकदा. मग थांबून दोनदा. मावशीला तो आवाज कळला. गेल्या वर्षी तो तिने वाटेतच ऐकला होता.

डुक्कर आडवं आलं. "नेता येणार नाही मावशी. ठराव आहे. रेंज जाईल."

"पोर जाईल रे."

"मला वरून सांगितलंय..."

"ऐक," मावशी म्हणाली. "तू उलटा आला होतास. पाय आधी. तुझी आई म्हणाली, राहू दे मावशी, मला वाचव. मी म्हटलं, दोघांना वाचवते. आता दगड काढ."

डुकराने सुळ्याने दगड बाजूला लोटला, मागच्या सीटवर उडी मारली आणि सवयीने सुरू झालं, "घर्रर्र..."

"गप्प बस," मावशी म्हणाली. "मला तिचा आवाज ऐकू येऊ दे."

गाडी निघाली. ओढ्यातून, दगडांवरून, झाडांच्या मधून, कसलाही आवाज न करता. भेकरीच्या झुडपात पाडसाचा एक पाय बाहेर आणि मान मागे वळलेली होती. मावशीने हात घातला. अलगद मान सरळ केली. मग पाडस शिंकलं. भेकरीने त्याला चाटलं आणि मावशीला म्हणाली, "बसा मावशी, दमला असाल."

या खेपेला मावशी बसली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, मुलांनो. पण तोवर गाडी माथ्यावरून गेल्याची बातमी लागून सभा धावत आली. कुणी पाडसाकडे पाहिलं नाही. गवा अण्णांनी आधी गाडीत डोकं घातलं.

"दोनशे सहासष्ट!"

"वाढली!" इंजिनियरसाहेब किंचाळले. "टेकडीवर राहून वाढली!"

"अरे, उतारावर चाकं फिरली की वीज परत बॅटरीत जाते," मावशी सांगत होती. "खाली आली म्हणून वाढली. खाली आली म्हणून..."

कोण ऐकतंय? हत्तींनी खांदे लावले होते. माकडांनी घोषणा धरल्या होत्या. इंजिनियरसाहेबांचा सत्कार ठरला आणि गाडी पुन्हा टेकडीकडे निघाली. या वेळी आणखी उंच टेकडीकडे.

ती अजून तिथेच आहे. रेंज उत्तम आहे. आणि मावशी आता बाळंतपणाची वाट बघत नाही. जंगलात कुणाचं लग्न ठरलं की ती टेकडी चढायला लागते.

तात्पर्य: गाडी घेताना नेहमी काशीपर्यंतचा विचार करावा. मग समोरच्या झुडपापर्यंत जन्मभर चालत जावं लागलं, तरी मनाला शांती राहते.