गांगुर्डे काकांचा पंखा

गांगुर्डे काकांकडे चहाला गेलात, तर चहा घरात मिळायचा नाही. तो मिळायचा दारात उभ्या असलेल्या जुन्या मॅटॅडोरमध्ये, आणि तोही मान वाकवून. मान सरळ केली की डोकं पंख्याला लागायचं. पंखा बंद असला तर ठीक. चालू असताना मान सरळ करणारा शूर माणूस नाशिकच्या आमच्या इंदिरानगरात तरी नव्हता.

काका सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. जन्मभर दुसऱ्यांना नटबोल्ट काढून दिले, स्वतः एकही पिळला नाही. रिटायर झाल्यावर ती सगळी हौस एकदम उफाळून आली. भंगारातून ही मॅटॅडोर उचलली, आतल्या सीटा उपटल्या, दोन बाकं ठोकली, वर गाद्या टाकल्या. कोपऱ्यात शेगडी, खिडक्यांना काकूंच्या जुन्या साड्यांचे पडदे. "फिरतं घर आहे मास्तर!" मला ते छाती फुगवून सांगत. घर होतं खरं. फिरत तेवढं नव्हतं.

का, तर पंखा.

आता पंख्याचं एवढं काय मोठं? तर काकूंना दमा. त्यांचं माहेर सुरगाण्याकडे डोंगरात, तिथे म्हातारी आई, पार थकलेली. चार रात्री तिच्याजवळ काढायच्या, एवढंच काकूंचं मागणं. पण तेव्हाचं लोडशेडिंग! तिकडे वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहासुद्धा न घेता जायची. मागच्या खेपेला उकाड्यात, कोंदट खोलीत काकूंचा श्वास असा अडकला, की जीपमध्ये घालून घाटातून नाशिकला आणावं लागलं. तेव्हा काकांनी ठरवलं, की चाकांवरचं घरच न्यायचं. बॅटरीवर पंखा चालेल, काकू त्याखाली निवांत झोपतील. बेत झकास होता. पण करणारे होते गांगुर्डे काका.

पहिला पंखा घरातलाच, दांडी कापून बसवलेला. तो सुरू झाला की अख्खी गाडी डुलायची. मागच्या बंगल्यातले आजोबा कौतुकानं बघायला आत शिरले आणि टोपीशिवाय बाहेर आले. मग काकांनी तो काढून ट्रक ड्रायव्हरच्या डोक्याशी असतो तसला जाळीचा पंखा लावला. त्याच्या वाऱ्यानं उदबत्तीसुद्धा विझली नसती. शेवटी मेन रोडवरून बॅटरीवर चालणारा खास छताचा पंखा आला. काकांनी त्याच्या वायरी उलट्या जोडल्या, पंखा उलटा फिरला आणि सगळा वारा छताला.

"काका, वारा वर चाललाय," मी म्हटलं.

"गरम हवा वरच जाते मास्तर. तो तिला मदत करतोय."

दोन-तीन दिवसांनी वायरी गुपचूप सरळ झाल्या. आता तरी निघतील? छे! "ट्रायल झाल्याशिवाय माल स्टोअरबाहेर नाही!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ट्रायल म्हणजे जवळच्या पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन परत. दर ट्रायलला पंख्याचा एखादा स्क्रू ढिला निघायचा आणि सुरगाणा पुढच्या आठवड्यावर जायचा. असे दोन उन्हाळे गेले. "काका, सासुरवाडी टाळताय काय?" मी चारचौघांत टोमणा मारला. काका नुसतेच हसले.

एके सकाळी माहेरून फोन आला, आईनं जेवण सोडलंय. काकू पिशवी भरून मॅटॅडोरमध्ये जाऊन बसल्या. "तुमच्या ट्रायलीपायी माझी आई जायची," त्या काकांना म्हणाल्या. "आज निघत नसाल तर मी एसटीनं जाते."

काकांचा चेहरा उतरला. "मास्तर, गाडी तुम्ही चालवा. मी मागं बसून पंख्याकडं बघतो."

पंखा काय पळून जाणार होता?

दुपारी पोचलो. वीज अर्थातच नव्हती. काकू आईला बिलगून जमिनीवरच आडव्या झाल्या. "अगं, गाडीत ये. पंखा लावलाय," काका दारातून म्हणाले.

"आन् आईला कोन बघंल? म्या हितंच हाय." माहेरी पोचताच काकूंची भाषाही माहेरची झाली होती.

म्हातारीनं डोळे किलकिले केले. "जावयबापू आलं का? लय उकडतंय रं बाबा."

काका गाडीकडे वळले. वर चढायला दोन उन्हाळे लागलेला पंखा चुटकीसरशी खाली आला. त्यांनी तो घराच्या आढ्याला दोरीनं करकचून बांधला, गाडीतली जादा बॅटरी, वीज आली की लावायच्या चार्जरसकट, उंबऱ्याजवळ ठेवली आणि वायरी जोडल्या. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पण वारा खाली आला, थेट मायलेकींवर. म्हातारी चक्क हसली आणि दोन घोट पेजही प्यायली.

"म्या ऱ्हाते हितं पंधरा दिस," काकू म्हणाल्या. "तुमी जावा. तुमी असला की घडीघडी उठवून इचारता, श्वास येतोय ना? दमा परवडला, पण झोपू तर द्या!"

काका शेजारच्या घरी, रात्री सोबतीला येणाऱ्या काकूंच्या वहिनींकडे गेले. दम्याचा पंप कसा मारायचा ते पुन्हा पुन्हा दाखवलं. "छातीत शिट्टी वाजली की लगेच उठायचं. तुमची झोप गाढ नाही ना?"

"नाय हो दाजी. म्या ध्यान ठेवते."

परतीच्या वाटेवर काका माझ्या शेजारी बसले होते. घाट मागे पडला. मी म्हटलं, "आता घरी जाऊन ताणून द्या."

"जीपमधून आणलं ना हिला, त्या दिवसापासून मी धड झोपलेलो नाही मास्तर. ही झोपली की हिचा श्वास ऐकत पडतो. मध्येच थांबला तर?" त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "ते स्क्रू मीच ढिले करायचो. पंखा नीट झाला असता तर निघावं लागलं असतं. तिथं दवाखाना नाही, काही नाही. फार भीती वाटायची हो."

मी गिअर बदलला.

घरासमोर गाडी लावली तरी काका उतरेनात. कुलूप घातलेल्या दाराकडे बघत बसून राहिले.

"आज आमच्याकडेच झोपा," मी म्हटलं.

काकांनी थोडा विचार केला. "तुम्ही घोरता का मास्तर?"

"बायको म्हणते, भयंकर घोरतो."

"मग येतो," काका म्हणाले.