रेगे भाऊजींची निरोपाची रीत

आमच्या बिल्डिंगमधलं कोणी कुवेत कायमचं सोडून निघालं की रेगे भाऊजी विमानतळावर बोरीची फांदी घेऊन हजर होतात. पूर्वी चीनमध्ये अधिकाऱ्याची लांब बदली झाली की मित्र वेशीपर्यंत जायचे, विलो नावाच्या झाडाची फांदी मोडून त्याच्या हातात द्यायचे, दारू पाजायचे आणि कविता म्हणायचे, असं ते सांगतात. विलो आमच्या सलव्यात, म्हणजे कुवेतमधल्या आमच्या वस्तीत, नाही. दारू इथे बंद. म्हणून बोर, आणि लबान, म्हणजे इथलं बाटलीतलं ताक. बोरीला काटे असतात. जाणारा माणूस एका हाताने बॅग ओढतो, दुसऱ्या हाताचं बोट चोखतो, आणि भाऊजींची कविता चालूच.

भाऊजी अहमदीला एका ऑफिसात अकाउंट्स बघतात. आमच्या वरच्या मजल्यावर ते राहतात, तेव्हा त्यांची मुलगी मीनूही राहायची. त्या जुन्या चिनी अधिकाऱ्यांचं त्यांना वेड. "वहिनी, तिथे मामलेदार व्हायचं तर आधी कविता यावी लागायची. अक्षरही बघायचे. दिवसा सारा वसूल, संध्याकाळी कविता. आमच्या साहेबाला सही तरी धड येते का?"

स्वतः ते चिनी कुंचल्याने मराठी लिहितात. शिरोरेघ एका दमात ओढायची असा नियम, म्हणून श्वास रोखून धरतात. एकदा हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, गाडी काढा म्हणून सांगायला आला. भाऊजी निळे पडायला आले, पण ओळ संपेपर्यंत बोलले नाहीत.

त्यांच्या बोलण्यात सगळ्याची बदलीच होते. दूध नासलं, दुधाची बदली. बायको गेली, तेही ते "हिची वर बदली झाली" असंच सांगतात.

मागे आमच्या ह्यांना कंपनीने एसी बसवायला खैरानला पाठवलं. दोन महिन्यांचं काम, गाडीने तासाभराचा रस्ता. भाऊजींच्या लेखी तीही बदलीच. खाली पार्किंगमध्ये फांदी, लबान, कविता सगळं झालं. कवितेत हे डोंगरामागून डोंगर ओलांडत होते. संध्याकाळी दारात तीन बायका. "फ्रिज केवढ्याला देणार?" एक तर सरळ आत येऊन वॉशिंग मशीनचं झाकण उघडून बघायला लागली. मी घाबरून ह्यांना फोन केला. हे म्हणाले, "चांगला भाव आला तर दे."

ह्यांचं काम संपायच्या आत मीनूचं कॅनडाचं पक्कं झालं. नोकरी, कायमची. सगळी बिल्डिंग म्हणायला लागली, आता लेकीसाठी भाऊजी अख्खी बोर तोडणार. मीनूलाही तीच धास्ती. जिन्यात माझ्यासमोर म्हणाली, "बाबा, प्लीज, नो फांदी. नो कविता. एव्हरीवन विल स्टेअर."

भाऊजी म्हणाले, "बरं. नुसतं टाटा करतो."

विमानतळावर मीही गेले होते. भाऊजी रिकाम्या हातांनी आले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"पासपोर्ट?"

"हातात आहे, बाबा."

"बॅगेचं वजन केलंस?"

"तुम्हीच केलंत ना काल."

"हो, हो. पासपोर्ट?"

मीनू हसली. मग आत जायच्या दारापाशी उगाच थांबली. बापाकडे बघत राहिली. आता काहीतरी म्हणतील असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं. भाऊजींनी छाती भरून श्वास घेतला.

"जॅकेट घाल," ते म्हणाले.

ती गेली. परतताना गाडीत ते रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होते, अगदी पुटपुटत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ते आमच्या दारात थांबले.

"वहिनी, तुम्ही डबे देता ना? मलाही एक लावा, संध्याकाळचा."

"लावते की. काही चालत नाही असं आहे का?"

"छे, मला सगळं चालतं." ते जिना चढायला लागले, मग कठड्याला धरून वळले. "भेंडी तेवढी नको. मीनू खात नाही."

मी बरं म्हटलं.

भेंडी असते त्या दिवशी त्यांच्या डब्यात मी बटाट्याची भाजी घालते.