गाडी कशी बुडाली

ताईचं आता आठवडाभराचंच आयुष्य राहिलंय, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं भाचीने दोन्ही मामांना वेगवेगळा फोन करून कळवलं. वेगवेगळा अशासाठी, की मामा नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहायची, यावरून बिनसलं होतं. पुढे कपाटाला वाळवी लागली; अबोला मात्र शाबूत राहिला.

"आईला तुम्हा दोघांना एकदा बोलताना ऐकायचंय," भाची म्हणाली. "तेवढं तरी कराल ना, मामा?"

"त्याने सुरुवात केली तर," दोघांनीही तिला सांगितलं.

पुराने रेल्वे बंद होती, म्हणून थोरल्या मामांच्या, म्हणजे दादांच्या, मोटारसायकलवरून निघायचं ठरलं. तेही भाचीमार्फतच. चार दिवसांचा रस्ता. पुढे दादा, मागे धाकटे, म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे चहा, डाव्या खांद्यावर थाप म्हणजे थांब, आडोसा बघ. एवढ्यावर तीन दिवस सुरळीत गेले. बोलायला सुरुवात आपणच करावी, असं ग्रंथपालांना सारखं वाटत होतं. मागच्या सीटवर बसून ते मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होते. पण एकदा ते फार कडक वाटे, एकदा फार लाचार, आणि दुरुस्त होईपर्यंत पुढचं गाव येई.

चौथ्या दिवशी खाडीवरचा पूलच नव्हता. वळसा घालायचा तर आणखी दोन दिवस. काठावर वाळू वाहणारी शिडाची एक होडी आणि ती चालवणारा तांडेल तेवढा होता.

"त्यांना विचारा, वळसा घालायचा का होडीने जायचं," दादा तांडेलाला म्हणाले.

"अहो, ते तुमच्या शेजारीच उभे आहेत की."

"विचारा तुम्ही."

"होडीने," ग्रंथपाल तांडेलाला म्हणाले. "दोन दिवस आहेत कुणाकडे?"

फळ्या टाकून गाडी होडीत चढवली आणि रुंदीत आडवी उभी केली. तांडेलाने नियम सांगितला. वारा समोरचा, म्हणजे होडी नागमोडी जाणार. दर वळणाला वजन वाऱ्याच्या अंगाला सरकवायचं. "एरवी वाळूची पोती हलवतो, आज तुमची गाडी. बांधू नका, सोडायला वेळ मिळत नाही. मी ओरडलो की ढकलायचं, बस्स!"

दादा हँडल धरून पाठमोरे, मागे ग्रंथपाल, आणि त्यांच्यामागे सुकाणूशी तांडेल. वाऱ्यात दादांना काहीच ऐकू येईना. पहिल्या वळणाला तांडेल ओरडला, "डावीकडे!" ग्रंथपालांनी निरोप पुढे पोचवला, त्यांच्या पद्धतीने. डाव्या खांद्यावर थाप. दादांनी ताबडतोब ब्रेक दाबला आणि आडोशासाठी चहूकडे पाहिलं. चहूकडे पाणी होतं.

"ढकला की! झोपलात का?" तांडेल किंचाळला. एका हाताने सुकाणू धरून त्याने दुसऱ्याने गाडीला रेटा दिला, तेव्हा कुठे होडी सावरली. "बोलायला काय होतं तुम्हाला? दातखीळ बसलीय?"

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. पण वाक्य अजून जुळलं नव्हतं.

"आता उजवीकडे! लवकर!"

उजव्या खांद्यावर थाप पडली. दादांनी मान हलवली, हँडल सोडलं, आणि पिशवीतून थर्मास काढून झाकणात चहा ओतू लागले. शीड धाडकन फिरलं. होडी कलली. गाडी सुटली ती सरळ होडीच्या काठावरून पाण्यात, आणि तिच्या मागच्या कॅरिअरला लोंबकळत दादाही कमरेपर्यंत बाहेर.

"अरे गाढवा, सोड ती!" ग्रंथपालांनी त्यांच्या पट्ट्याला धरून बोंब मारली.

"गाढव कुणाला म्हणतोस?"

"तुला! सोड आधी!"

"चहा तू मागितलास!"

"मी ढकल म्हणत होतो!"

"मग तोंडाने म्हणायचं ना, मेल्या!"

गाडी गेली. काही बुडबुडे आले. तांडेलाने टोपी काढली.

पलीकडे मासळीच्या ट्रकमध्ये बर्फाच्या पेट्यांवर बसून दोघे निघाले आणि चूक कुणाची यावर भांडत राहिले. ड्रायव्हरने दोनदा ट्रक थांबवून उतरवण्याची धमकी दिली. हॉस्पिटलच्या जिन्यातही आवाज खाली आला नाही. भाचीने खोलीचं दार उघडलं तेव्हा दादा म्हणत होते, "आणि पट्टा कशाला ओढलास? तुटला तो!"

ताई डोळे मिटून पडली होती. अंगाचा नुसता सापळा उरला होता.

"कोण भांडतंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं," दोघे एकदम म्हणाले.

"भांडा रे. काय बुडालं म्हणता? पहिल्यापासून सांगा."

दादांनी पुलापासून सुरुवात केली. ग्रंथपाल म्हणाले, आदल्या दिवसापासून सांगितल्याशिवाय कळायचं नाही. दादा म्हणाले, तुझी पहिल्यापासून फापटपसाऱ्याची खोड. मग पुन्हा पुलापासून. फळ्या किती होत्या यावर बराच वेळ गेला. ताईच्या ओठांचा एक कोपरा मघाशी हलला होता, तसाच राहिला.

नर्स आली. तिने मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हात हलकेच चादरीवर ठेवला. भाची भिंतीकडे वळली.

दादांचं वाक्य अर्ध्यात राहिलं होतं. होडी अजून पहिल्या वळणावर होती. त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

"पुढचं तू सांग तिला," ते म्हणाले.