एका कपासाठी अख्खा ट्रे

आमच्या ऑफिसातले सीनियर रशीदभाई स्वतःपुरता एक कप चहा आणायला गेले, तरी सहा कपांचा ट्रे घेऊन येतात. तो एकटा कप ट्रेभर घसरत फिरतो, अर्धा चहा सांडतो. हातात धरून आणा की! विचारलं, तर एकच उत्तर. "एकटा असला म्हून काय झालं?"

चहाचं मी सोडून दिलं होतं. पण हेच त्यांनी कामात आणलं आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या चिकलठाण्याच्या ऑफिसात काही दवाखान्यांची जुनी माहिती आली होती, सगळी एक्सएमएल नावाच्या जुन्या साच्यात. ती जेसन नावाच्या नव्या साच्यात बदलून डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये ठेवायची, एका पेशंटचं एक डॉक्युमेंट. बदलणारा प्रोग्रॅम माझा. पेशंटच्या घरात चार माणसं असली, की तो त्यांची यादी करायचा. एकच असलं, की यादीबिदी न करता नुसतं नाव ठेवायचा. एकाची कसली आलीय यादी?

शुक्रवारी संध्याकाळी सगळी माहिती भरून झाली. रविवारी संध्याकाळी जालन्याला माझ्या भाच्याचं बारसं. आत्या मी एकटीच, नाव मीच ठेवणार. मी पर्स उचलली आणि इकडं रशीदभाईंनी मी भरलेलं सगळं पुसून टाकलं. सगळं!

"ज्यांच्या घरी एकच माणूस, त्यांचं पान उघडतच नाय बेटा. स्क्रीन यादी मागती."

"मग स्क्रीनवाल्यांना सांगा ना!"

"एकटा असला म्हून काय झालं? त्यालाबी यादीतच ठेव."

अस्सा संताप आला! शनिवार अख्खा प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात गेला. सोमवारी दवाखान्यांना द्यायचं, म्हणून भरणं आलं रविवारवर, आणि ऑफिसची चावी यांच्याकडं. रविवारी सकाळी मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेले, चांगलं सुनवायचं ठरवूनच.

दार उघडंच होतं. खोलीभर दस्तरखान अंथरलेला, दहा माणसं सहज जेवायला बसतील एवढा. मधोमध एक ताट. भाभी वारल्या, मुलगी सासरी सोलापूरला, हे मला माहीत होतं. हे नव्हतं.

"भाई, एवढा मोठा रोज पसरता?"

"घडी घातली तर घास उतरत नाय," ते म्हणाले. चावी काही दिली नाही. "मी जाऊन भरतो. तू बारशाला जा. आत्याबिगर नाव कोण ठेवणार?"

"हे शुक्रवारी सांगायला काय झालं होतं?"

"शुक्रवारी तू ऐकत व्हतीस का?"

घ्या! मला गलबलूनही आलं आणि रागही लई आला. गाडीला वेळ होता. मी चपला काढल्या, दस्तरखानावर बसले आणि जरा जोरातच म्हटलं, "मलापण वाढा."

ते आतून माझं ताट घेऊन आले, तेही ट्रेमध्ये. काय म्हणावं या माणसाला! पण स्वतःचं जेवण सोडून ते माझ्याच ताटाकडं बघत बसले होते. भूक नव्हती, तरी मी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.