गोळीचं निलंबन

मंगळवारी सकाळी, न्याहारीनंतर, बाबांनी रक्तदाबाची गोळी निलंबित केली.

काढून टाकली नाही. त्या बाबतीत ते नियमाला धरून होते. आरोप झाला म्हणून कुणाला लगेच बडतर्फ करायचं नसतं. आधी चौकशी लावायची असते, आणि चौकशी चालू असेपर्यंत आरोपीला कामापासून लांब ठेवायचं असतं, नाहीतर तो पुराव्यात ढवळाढवळ करतो. गोळी पोटात गेली तर ढवळाढवळ करणारच. म्हणून पाकिटासकट तिची रवानगी टीव्हीखालच्या खणात झाली. खणाला कुलूप नव्हतं, तेव्हा बाबांनी चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली.

तक्रार इमारतीच्या ग्रुपवर आली होती. तक्रारदाराचं नाव नव्हतं. ‘जसं आलं तसं पुढे पाठवत आहे’ एवढंच होतं. ह्या गोळीनं गुडघे झिजतात, तोंडाची चव जाते आणि माणूस नावं विसरतो, असं तिच्यात म्हटलं होतं. बाबांचे गुडघे दुखत होते. गेले काही महिने ते लेकीच्या हातचं जेवत असल्यामुळे चवही गेलेली होती. शिवाय समोरच्या बिऱ्हाडातल्या जावयाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. ते त्यांना कधी माहीतच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. तिन्ही आरोपांत प्रथमदर्शनी तथ्य आढळून आलं.

बाबा लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले होते आणि सगळी इमारत त्यांना ऑडिटकाका म्हणत असे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही कागद विश्वासावर पास केला नव्हता. अपवाद फक्त ह्या गोळीचा. आई रोज सकाळी स्टीलच्या एका छोट्या झाकणात ती चहाच्या कपाशेजारी ठेवायची आणि म्हणायची, “चहा निवतोय.” बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता गोळी टाकायचे आणि चहा प्यायचे. गोळीचं नाव काय, रंग कोणता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा लेक माहेरी राहायला आली आणि गोळीचं काम तिच्याकडे आलं.

इथं तिची पहिली चूक झाली. ती एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल होती, आणि माणसाला आपल्या औषधाची माहिती असायला हवी, अशा मताची होती. ती गोळी बाबांच्या तळहातावर ठेवायची आणि तिचं नाव, तिचं काम, ती न घेतल्यास काय होतं, सगळं नीट समजावून सांगायची. पण जो न विचारता खुलासे देतो त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं, हे लेखापरीक्षणातलं पहिलं तत्त्व आहे. इतकी वर्षं मुकाट्यानं येणारी गोळी अचानक एवढे खुलासे का देऊ लागली, असा संशय बाबांना आधीच आला होता. तक्रारीनं त्याला फक्त आधार दिला.

लेकीनं रडून पाहिलं नाही, तो तिचा स्वभाव नव्हता. तिनं वाटाघाटी केल्या. निलंबित कर्मचाऱ्यालाही पोटापुरता निम्मा पगार मिळतो, ह्याची तिनं बाबांना आठवण करून दिली. नियम बाबांना मान्य होता. तेव्हापासून रोज चिकटपट्टी निघून पुन्हा लागू लागली, आणि अर्धी गोळी निर्वाह भत्ता म्हणून पोटात जाऊ लागली. लेकीला हा आपला मोठा विजय वाटला, आणि त्या भरात तिनं दुसरी चूक केली. ग्रंथालयासाठी तिनंच लिहिलेलं एक पत्रक तिनं बाबांच्या हातात ठेवलं. इंटरनेटवरची आरोग्याची माहिती विश्वासार्ह आहे की नाही हे कसं ओळखावं, असा त्याचा विषय होता. माहिती कुणी लिहिली? केव्हा? कशाच्या आधारावर? पैसे कुणाचे? संपर्क कुठे साधायचा?

बाबांनी पत्रक दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना तपासणीचा नमुना दिला होता. दुपारपर्यंत त्यांनी प्रत्येक प्रश्नाला वीस गुण ठेवून तक्ता आखला.

तपासणी काटेकोर झाली. ‘रक्तदाब विसरा’ नावाच्या संकेतस्थळाला शंभरपैकी शहाण्णव गुण पडले. लेखकाचं नाव होतं, पांढऱ्या कोटातला फोटो होता, नावापुढे सात पदव्या होत्या. तारीख आजची होती; दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तेव्हाही आजचीच होती. आधार म्हणून एवढे संदर्भ दिले होते की खालपर्यंत जाताना बाबांचं बोट दुखलं. जाहिरात एकही नव्हती, कारण सगळं पानच विकायला ठेवलेल्या एका चूर्णाचं होतं. आणि संपर्क क्रमांकावर पहिल्याच घंटेला एका मुलीनं फोन उचलून त्यांना ‘बाबा’ म्हटलं, झोप कशी लागते विचारलं, आणि एकटं वाटतं का, असंही विचारलं.

उलट, शहरातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयाचं पान ‘ॲडमिन’ नावाच्या इसमानं लिहिलं होतं. आरोग्य खात्याच्या पानावर ‘हे पान लवकरच आपल्या सेवेत’ असं होतं, आणि ते कधीपासून होतं ह्याची तारीखही नव्हती. शेवटी बाबांनी लेकीच्या ग्रंथालयाचं पान उघडलं. तिथले निम्मे दुवे बंद होते. संपर्क क्रमांकावर संगीत वाजलं, मग आणखी संगीत वाजलं. लेकीनं सांगायचा प्रयत्न केला की पानाचा पासवर्ड संगणक विभागाकडे असतो, आणि तो मागायचा अर्ज फक्त त्याच पानावरून करता येतो. बाबांनी तिचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि अकरा गुण दिले. घरचं माणूस म्हणून एकही वाढवला नाही.

बातमी इमारतीत पसरली. आपल्याकडे तपासणीची सोय असताना आपण वर्षानुवर्षं डोळे मिटून गोळ्या गिळतोय, ह्याची सगळ्यांना लाज वाटली. आरोग्य माहिती सत्यापन समिती स्थापन झाली आणि बाबा एकमतानं अध्यक्ष झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची थायरॉइडची गोळी निलंबित झाली. निवृत्त मुख्याध्यापकांच्या साखरेच्या गोळीला कारणे दाखवा नोटीस गेली आणि तिनं मुदतीत उत्तर न दिल्यानं तीही खणात गेली. कोपऱ्यावरचा औषधवाला दुपारीच शटर ओढू लागला. इमारतीत उत्साहाचं वातावरण होतं. सगळ्यांना हलकं हलकं वाटत होतं, आणि समितीनं तो अनुकूल निष्कर्ष म्हणून नोंदला. मुख्याध्यापकांना तर एवढं हलकं वाटलं की ते फाटकाशी विजेच्या खांबाला मिठी मारून बराच वेळ उभे राहिले.

तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता. इमारतीतल्या निम्म्या लोकांचे आजार त्यांना तोंडपाठ होते. त्यांना सुनावणीला बोलावण्यात आलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की काकांचे गुडघे गोळी सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून दुखताहेत.

“म्हणजे गुन्हा जुना आहे,” असं म्हणून बाबांनी नोंद केली.

डॉक्टरांची तपासणीही रीतसर झाली. त्यांच्या भिंतीवरच्या पदवीवर तारीख होती, पण ती ते तरुण असतानाची होती. म्हणजे ही माहिती त्यानंतर अद्ययावत झालेली दिसत नव्हती. पैसे कुणाचे, ह्या रकान्यात तर ते सपशेल अडकले, कारण ते रुग्णाकडूनच फी घेत होते आणि म्हणून रुग्ण असण्यात त्यांचे हितसंबंध गुंतले होते. डॉक्टर लेकीकडे पाहून म्हणाले, “तुझं पत्रक छान आहे गं.”

पुढच्या सुनावणीला बाबा जिन्यानं खाली निघाले. लेक दोन पायऱ्या मागे होती. मधल्या वळणावर त्यांनी एकदम कठडा धरला आणि सावकाश खाली बसले. कपाळावर घाम होता.

“काय होतंय बाबा?”

“काही नाही. तपासतोय.”

“काय?”

“पायरी,” ते म्हणाले. “मजबूत आहे.”

ती त्यांच्या शेजारी बसली. आईला खाली नेलं त्या दिवशीही दोघं ह्याच पायरीवर बसली होती. डॉक्टर यंत्र घेऊन वर आले, पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि त्यांचा थट्टेचा सूर गेला. पूर्ण गोळी आजपासून सुरू करा, अर्धीनं भागणार नाही, उशीर केलात तर मला तुम्हाला रुग्णालयात पाठवावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी यंत्राच्या अचूकतेचा दाखला मागितला.

घरी आल्यावर लेकीनं पत्रक काढलं आणि प्रश्न पुन्हा वाचले. सगळे बरोबर होते. एकाही प्रश्नात चूक नव्हती. फक्त ज्यांना फसवायचं असतं ते लोक उत्तरं तयार ठेवून बसतात, आणि ज्यांना खरं माहीत असतं त्यांना उत्तरं लिहायला वेळ नसतो, एवढं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काहीच समजावलं नाही. चिकटपट्टी सोलली, स्वयंपाकघरात शोधून ते छोटं झाकण काढलं, त्यात पूर्ण गोळी ठेवली आणि झाकण कपाशेजारी ठेवलं. बाबा वर्तमानपत्रात होते.

“चहा निवतोय,” ती म्हणाली.

बाबांचा हात आपसूक पुढे आला. गोळी गेली. त्यामागोमाग चहाचे दोन घोट गेले. मग वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

“ही निलंबित होती.”

“हो.”

त्यांनी झाकण उचलून उलटसुलट पाहिलं. “तुझ्या आईनं हे कुठं तपासलं होतं?”

“डॉक्टरांना विचारलं होतं तिनं. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. मग मला ग्रंथालयातून पुस्तक आणायला लावलं आणि शेजारी बसवून वाचून घेतलं.”

“मला बोलली नाही कधी.”

“तुम्ही विचारलं नाहीत, बाबा.”

त्यांनी एक कोरा तक्ता ओढला. स्रोत: घरातील. आधार: दोन डॉक्टर, एक पुस्तक. पैसे कुणाचे: कुणाचेच नाहीत. संपर्काचा रकाना त्यांनी ओलांडला. अद्ययावत केल्याची तारीख, ह्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी तिथं ‘रोज सकाळी’ असं लिहिलं आणि बेरीज न करताच सही केली.

गोळीला मागील सेवा धरून सन्मानानं कामावर परत घेण्यात आलं. थकबाकी मात्र देऊ नये, म्हणजे चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नयेत, असं लेकीनं हट्टानं आदेशात लिहून घेतलं. बाबांनी ग्रुपवर एका ओळीत निकाल कळवला: गोळी चहाबरोबर पूर्ववत सुरू.

दुपारपर्यंत ती ओळ ग्रुपाग्रुपांतून फिरून, अंगानं भरून परत आली. चहाबरोबर घेतल्यास रक्तदाब, साखर, थायरॉइड ह्या तिन्ही गोळ्यांची शक्ती दुप्पट होते. वैद्यकीय महाविद्यालयातील ज्येष्ठ संशोधिकेचा निष्कर्ष. डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. खाली लेकीचा फोटो होता, गुलाबाचं चित्र होतं आणि आजची तारीख होती. बाबांनी तक्ता लावला. अठ्ठ्याण्णव गुण. दोन गुण गुलाबाच्या चित्रापायी गेले.

संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सगळ्या खणांच्या चिकटपट्ट्या निघाल्या. औषधवाल्यानं शटर वर केलं. मुख्याध्यापक खांब सोडून चालू लागले. लेकीनं खुलासा लिहायला घेतला: मी संशोधिका नाही, असं कुठलंही संशोधन झालेलं नाही. मग तिला दिसलं की हे पाठवलं तर उद्या सगळ्या गोळ्या पुन्हा खणात जातील. जिनं जन्मभर लोकांना खोटी माहिती खोडायला शिकवलं, तिनं स्वतःचा खरा खुलासा अक्षर अक्षर खोडला.

पण काकूंचा प्रश्न होता. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, चहा त्यानंतर काही वेळानं. ती तिसऱ्या मजल्यावर गेली आणि दारातच काकूंना हे सांगितलं. काकूंनी तिला आत बसवलं, मायेनं पाठीवरून हात फिरवला.

“अगं, तू हे नुसतं तोंडी सांगतेयस,” त्या म्हणाल्या. “ग्रुपवर टाक ना, म्हणजे माणसाला खात्री वाटते.”

तिनं तिथंच बसून टाकलं. नाव न देता, तारीख न घालता, वर ‘जसं आलं तसं’ लिहून आणि खाली गुलाब लावून. काकूंचा फोन वाजला, त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी उपाशीपोटी सुरू केली. डॉक्टरांनाही तो निरोप तीन ठिकाणांहून आला. ते म्हणाले, ह्या महिन्यात आलेला हा पहिला बरोबर निरोप.

आता उरलात तुम्ही. थायरॉइडच्या गोळीचं ते वाक्य तुम्ही वर वाचलंत आणि मान हलवलीत. कुणी सांगितलं, केव्हा, कशाच्या आधारावर, एकही रकाना तुम्ही भरला नाहीत. औषधाच्या बाबतीत तुम्ही एका गोष्टीवर विश्वास ठेवलात, आणि तीसुद्धा अशी, जिच्यात गोळीला कारणे दाखवा नोटीस जाते. माहिती बरोबर आहे, पण तळमजल्यावरच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आणि ठेवा तो फोन बाजूला.

चहा निवतोय.