दोन फेऱ्या सासऱ्यांच्या, तीन जावयाच्या

आता तुम्हीच सांगा, सासऱ्यांशी चार शब्द बोलायला माणसाला किती वेळ लागावा? आमच्या तारांगणवाल्याने आठ दिवस लावले, आणि तेही पायी.

तारांगणवाला म्हणजे तारांगणाच्या अंधारात उभं राहून लोकांना आकाश समजावून सांगणारा माणूस. आवाज इतका मऊ, की निम्मे प्रेक्षक गुरूपर्यंत पोचायच्या आधीच घोरायला लागत. (त्याला वाटे, तल्लीन झालेत.) तर या माणसाला दूरच्या एका डोंगरावरच्या वेधशाळेने नोकरीला बोलावलं. आयुष्यभर पाहिलेलं स्वप्न! पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. अडचण एकच, सासरे.

सासरे म्हणजे गोदामाचे निवृत्त मुकादम. देह असा, की ते सोफ्यावर बसले की दुसऱ्या टोकाचा माणूस आपोआप त्यांच्याकडे घसरे. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा दारातच म्हणाले होते, "आता मला इथून हलवू नका."

"तुम्हीच सांगा बाबांना," बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची, त्यामुळे महत्त्वाचं सगळं तोंडात टाचण्या धरून बोलायची. "पहाटे बागेत दोघं फिरता ना? तिथे सांगा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर आपणही जायचं नाही. त्यांना एकटं टाकून मी कुठे जायची नाही."

म्हणजे सगळं त्या एका 'नाही'वर अडलेलं. तारांगणवाल्याने मन घट्ट केलं आणि ठरवलं, की आज नको.

पण फिरायला गेलं नाही तर बायको विचारणार, आणि गेलं तर सासरे भेटणार. करावं काय? तेव्हा त्याला आपले लाडके लघुग्रह आठवले. गुरूसारखा अगडबंब ग्रह सूर्याभोवती दोन फेऱ्या घालतो, तेवढ्यात हे चिमुकले दगड आतल्या बाजूने बरोबर तीन घालतात. त्यामुळे गुरूशी गाठ पडते ती नेहमी आपल्या वाटेच्या ठरल्या टोकाला, आणि नेमके तेव्हाच हे सूर्याकडे आत सरकलेले असतात. शेजार गुरूचा, पण त्याच्या तावडीत काही सापडत नाहीत.

बागेच्या मधोमध कारंजं होतं. सासरे बाहेरच्या रुंद रस्त्याने एका लयीत चालत. आतून एक लांबट पायवाट होती. पाण्याच्या टाकीपाशी ती झुडपांच्या मागून कारंज्याकडे वळे. त्याने हिशोब केला. त्यांच्या दोन, आपल्या तीन, आणि गाठ टाकीपाशी, झुडपाआड!

सात दिवस हे बेमालूम चाललं. पहाटेचं धुकं, ओलं गवत, झाडांच्या शेंड्यांवर विझत चाललेला एखादा तारा. चालता चालता त्याचं अंग हलकं व्हायचं. पाय जमिनीवर आहेत की नाहीत, कळेनासं व्हायचं. आपण एक खडा आहोत, कुणीतरी कधीतरी सोडून दिलेला, आणि लाखो वर्षं असंच फिरत राहायचंय, असं वाटायचं. धुक्यातून पलीकडे सासऱ्यांची मोठी आकृती सरके. हात मागे बांधलेले. रस्ता रिकामा असूनही ते एका कडेने चालत, शेजारी कुणासाठी तरी जागा ठेवल्यासारखे. ते पाहून त्याला गलबलून यायचं. या माणसाला आपण पुन्हा सामान बांधायला सांगणार? मग तो आणखी एक फेरी मारायचा. (म्हणजे हिशोब चुकू नये म्हणून आणखी तीन.)

शुक्रवार उजाडला. उद्या उत्तर द्यायचं. तो तंद्रीतच टाकीजवळ आला, सवयीने झुडपामागे वळला, आणि कशावर तरी अडखळून थेट कोसळला. खाली मऊ होतं, मोठं होतं आणि ओरडत होतं.

"अगं आई गं!"

"बाबा? तुम्ही इथे?"

"आधी उठा माझ्यावरून!" सासरे झुडपामागे उकिडवे बसले होते. "रोज टाकीपाशी मागून तुमची पावलं ऐकू येतात. म्हटलं, गाठलंच आता यांनी! म्हणून आज लपलो."

"लपलात? माझ्यापासून?"

"मग काय तर! डोंगराचं सांगायला तुम्ही सुरुवात करणार सूर्यमालेपासून. माझे गुडघे तेवढा वेळ उभे राहत नाहीत."

तारांगणवाला उठता उठता परत खाली बसला. "डोंगराचं... तुम्हाला माहीत आहे?"

"पोरगी आठ दिवस लोकरीचा कोट शिवतेय. छाती पन्नास इंच. आपल्या घरात पन्नास इंच कुणाची आहे, जावईबापू?"

तारांगणवाल्याने आपल्या छातीकडे पाहिलं. (पाहायची काही गरज नव्हती.)

"म्हणजे तुम्ही येणार?"

"येणार की! जिथे पोरगी, तिथे मी. तुमच्या सासूबाई काय भिंतीत राहतात होय? त्याही येतील." सासऱ्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "ओढा आता."

त्याने ओढलं. तिसऱ्या झटक्याला सासरे उभे राहिले. मग दोघं आठ दिवसांत पहिल्यांदाच एका रस्त्याने, खांद्याला खांदा लावून घराकडे निघाले. धुकं विरळ होत होतं. तारांगणवाल्याचा ऊर इतका भरून आला, की राहवेना. तो आपल्या मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, एक गंमत सांगू? गुरूच्या आतल्या बाजूला असे काही लघुग्रह असतात..."

सासरे जागीच थांबले.

"जावईबापू, मी पोरीला एकच विचारलं, की वर यांचं काम काय? ती म्हणाली, रात्रभर दुर्बिणीपाशी एकट्याने बसायचं आणि दिवसभर झोपायचं. तेव्हाच मी हो म्हणालो."