विमानाखालचं टेबल

विमानाला बैठक हवी आणि ती आपण आपल्या हातांनी करायची, असं पायलटने शनिवारी दुपारी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. हा पायलट म्हणजे विमा कचेरीतला आवक-जावक कारकून. खऱ्या विमानात तो आयुष्यात एकदाच बसला होता, तोही डोळे घट्ट मिटून. पण फावल्या वेळात सुटे भाग चिकटवून छोटी विमानं बनवायचा, म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं. (बायकोने ठेवलेलं नाव वेगळं होतं. ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.)

आठ महिने खपून त्याने एक जुन्या काळचं टपालविमान तयार केलं होतं. रविवारी हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं आणि नियम साफ होता: नुसतं विमान घेतलं जाणार नाही, बैठकीवर बसवून आणा.

आता सासरे दोन गल्ल्या पलीकडेच राहत, आणि तेही चाळीस वर्षं लाकडात मुरलेले सुतार. त्यांनी तासाभरात बैठक करून दिली असती. पण मेख तिथेच होती. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी सासऱ्यांनी जावयाच्या हातात साधी पटाशी दिली नव्हती. "राहू द्या जावईबापू, बोट जाईल," एवढंच म्हणत. उद्या ते प्रदर्शनाला येणार होते. त्यांनी एकदा तरी "वा!" म्हणावं, याच्यासाठी पायलटचा जीव टांगणीला लागला होता. बक्षीस मिळालं नाही तरी चालेल, असं तो स्वतःला बजावत होता (आणि शर्टही इस्त्री करून ठेवला होता).

त्याने प्लायवूडचा तुकडा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मधोमध ड्रिल चालवलं. तुकडा अर्धा इंच जाड, ड्रिल उत्साही. मग भोकात पोलादी कांडी उभी केली, वर विमान बसवलं आणि दोन ट्यूबांचा तो जालीम गोंद भोकात ओतला. भोक काही केल्या भरेना. एवढा गोंद जातोय कुठे, हा प्रश्न कुणालाही पडला असता. पायलटने दुसरी जोडी फोडली.

तीन तासांनी त्याने प्लायवूड उचललं. प्लायवूडबरोबर टेबल उचललं गेलं.

"अहो, टेबल का हलवताय?" आतून बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवते, वह्या तपासत होती.

"हलवत नाहीये. विमान उचलतोय."

"मग उचला की!"

"तेच करतोय. टेबल ऐकत नाही."

बायको बाहेर आली. तिने पाहिलं. पायलटच्या हातात तोवर करवत आली होती.

"काय कापणार आहात?"

"कांडी कापली तर विमानाचं पोट फाटेल गं. म्हटलं, टेबलाचाच एक लहानसा चौकोन..."

"बाबांनी माझ्या लग्नात दिलेलं टेबल आहे ते! हात तर लावून बघा!"

आणि तिने थेट बाबांनाच फोन लावला. पायलटला वाटलं, धरणी दुभंगावी. पण धरणीऐवजी सासरेच आले. त्यांनी चष्मा लावला, प्लायवूडवर टिचकी मारली, टेबलाखाली वाकून पाहिलं.

"सुटणार नाही," ते म्हणाले. "चौदा वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी पक्कं चिकटवलंत."

"मग आता काय करू?"

"करायचंय काय? बैठकीसकट आणा म्हणालेत ना? आणा."

रविवारी टेम्पोतून टेबल आलं. दारावरच्या बाईंनी नियमांचा कागद दोनदा वाचला. बैठक किती मोठी असावी, हे कुणी लिहिलंच नव्हतं. नाइलाजाने त्यांनी टेबलाच्या पायाला चिठ्ठी लावली: प्रवेशिका तेवीस.

परीक्षक दोघं होते. बाकीच्या विमानांपुढे ते दोन-दोन मिनिटं थांबले. तेविसाव्यापाशी मात्र गुडघे टेकून खालीच बसले, ते दहा मिनिटं उठेनात.

"चाकं बघतायत," पायलट बायकोच्या कानात म्हणाला. "चाकांवर दीड महिना घालवलाय मी."

संध्याकाळी पुकारा झाला: सर्वोत्कृष्ट बैठक, प्रवेशिका तेवीस! पायलट टुणकन उठून मंचावर गेला. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी त्याचा हात हातात धरून सगळ्यांसमोर विचारलं, "एक खिळा नाही, एक स्क्रू नाही! हे सांधे बसवलेत तरी कसे?"

हात परीक्षकांच्या हातात, समोर सासरे पहिल्या रांगेत. खोटं बोलायचं पायलटच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांध्यांबद्दल खोटं बोलायला आधी सांध्यांबद्दल काही तरी ठाऊक असावं लागतं.

"माझ्या सासऱ्यांनी," तो पडेल आवाजात म्हणाला. "मी फक्त... वरचं."

मग सासऱ्यांना मंचावर बोलावलं. आधीपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. ढाल त्यांना मिळाली, फोटो त्यांचा निघाला. वरच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

खाली उतरल्यावर सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"वा!" सासरे म्हणाले. "जावईबापू, पुढच्या वर्षी गोल टेबल करतो, शिसवीचं. तुम्ही फक्त विमान आणू नका. लाकूड झाकलं जातं."